बीजीएमआयच्या संघाला बोलायला कसं शिकवावं?

प्रश्न थोडक्यात असा. लांजा-राजापूर भागातली तीन मुलं आणि विरारला नोकरीला असलेला त्यांचा एक मित्र, असा चौघांचा बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, फोनवरचा गोळीबाराचा खेळ) संघ आहे. एकेकट्याचा नेम चांगला, पण संघ म्हणून स्पर्धेत उतरले की पहिल्या आठातसुद्धा येत नाहीत. गोळीबार सुरू झाला की चौघंही एकदम ओरडतात आणि हरल्यावर अर्धा तास भांडण चालतं. विचारणारे त्यांच्यातल्या एकाचे मोठे भाऊ आहेत. कबड्डी भरपूर खेळलेले, हा खेळ मात्र फारसा न खेळलेले. आपल्याला या मुलांना शिकवता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची, असं ते विचारतात.

शिकवता येईल. नेम शिकवायचा तर शिकवणाऱ्याचा हात मुलांपेक्षा चांगला लागतो. बोलणं शिकवायला बाहेर बसून लक्षपूर्वक ऐकणारा माणूस पुरतो. किंबहुना आतल्या खेळाडूला ते काम जमणारच नाही, कारण त्याचे कान पावलांच्या आवाजात गुंतलेले असतात. शिवाय तुम्ही कबड्डी खेळलेले आहात, म्हणजे मुख्य गोष्ट तुम्हाला अंगाने माहीत आहे. कोपरारक्षक घोटा धरायला गेला आणि कव्हरवाला त्याच क्षणी आत आला नाही, तर चढाईवाला धरणाऱ्यालाच ओढत मध्यरेषेवर नेतो. तिथे पकड कच्ची नसते, साखळी तुटलेली असते. या खेळातही साखळीच लागते, फक्त ती हातांची नसून आवाजाची असते.

चौघं एकदम ओरडतात याचं कारण बहुतेक वेळा स्वभावात नसतं. लढायचं की निघायचं, हा निर्णय कुणाचा ते आधी ठरलेलं नसतं. मग प्रत्येक जण आपलं म्हणणं खरं करण्यासाठी आवाज चढवतो. म्हणून आधी निर्णयाचा हक्क ठरवा, मग हाकेचे शब्द, आणि शेवटी तालीम. हा क्रम उलटा केला की मुलं नवे शब्द पाठ करतात आणि त्याच शब्दांत भांडतात.

आधी तीन मॅच नुसत्या ऐका

पहिल्या आठवड्यात काहीही सुधारू नका. एका संध्याकाळच्या सलग तीन मॅच रेकॉर्ड करा. गेममधलं बोलणं फोनच्या स्क्रीन रेकॉर्डरमध्ये अनेकदा अर्धवटच येतं, म्हणून बोलणं डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर न्या आणि तिथे क्रेग हा बॉट लावा. तो प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर देतो, त्यामुळे कोण कुणाच्या बोलण्यावर बोललं ते स्वच्छ कळतं. फोनला गेम आणि डिस्कॉर्ड दोन्ही पेलत नसतील, तर त्या संध्याकाळपुरता प्रत्येकाने घरातला जुना फोन शेजारी ठेवून नुसता आपला आवाज रेकॉर्ड करावा. सुरुवातीला एकाने 'एक-दोन-तीन' म्हणायचं आणि सगळ्यांनी एकदम टाळी वाजवायची. त्या टाळीवरून चारही फाइली जुळवता येतात. थोडा फरक राहतो, पण आपल्या कामाला तो चालतो.

मग एका कागदावर प्रत्येक लढाईसाठी चारच गोष्टी मोजा: उत्तर न मिळालेल्या हाका, एकावर एक पडलेली बोलणी, दिशा नसलेल्या हाका, आणि मेल्यानंतरचं बोलणं. कागदावर खेळाडूंची नावं लिहू नका, नुसत्या रेघा मारा. नावं लिहिलीत की तो कागद पुढच्या भांडणाचं हत्यार होतो.

ऐकताना एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्या. शत्रू सगळ्यात आधी कुणाला दिसला, आणि ते त्याने कितव्या सेकंदाला सांगितलं? संघातला सर्वांत शांत मुलगा पुष्कळदा सगळ्यात आधी बघतो आणि सगळ्यात शेवटी बोलतो, किंवा बोलतो पण त्याचं कुणाला ऐकूच जात नाही. त्याची हाक दोन सेकंद आधी पोहोचली तरी निम्म्या लढाया वेगळ्या होतील.

निर्णय कुणाचा

संघाचा मॅचमधला कप्तान, खेळाडूंच्या भाषेत आयजीएल, एकच असावा. तो सर्वांत चांगला नेमबाज असण्याची गरज नाही. उलट, नेमबाजाला हे काम दिलं की त्याचा नेमही बिघडतो आणि निर्णयही उशिरा येतात. आयजीएलला नकाशा वारंवार उघडावा लागतो, झोन, म्हणजे खेळासाठी सुरक्षित असलेलं आकसत जाणारं वर्तुळ, कुठे सरकेल याचा अंदाज बांधावा लागतो, किती संघ उरले ते डोक्यात ठेवावं लागतं. ज्याला हे करताना कंटाळा येत नाही आणि निर्णय चुकला तरी पुढचा निर्णय घेताना ज्याचा आवाज बदलत नाही, तो निवडा.

पण लढाई सुरू झाल्यावर आयजीएलने प्रत्येक पाऊल सांगायला जाऊ नये. कामाची वाटणी अशी करा: कुठे जायचं, कधी निघायचं, भिडायचं की टाळायचं, हे आयजीएल ठरवेल. भिडायचं ठरलं की पुढच्या फळीतला एक जण लढाईचा ताबा घेईल. ताबा घेताना त्याने स्पष्ट म्हणायचं, "लढाई माझी." लढाई आटोपली की आयजीएल म्हणेल, "ताबा माझा, लूट वीस सेकंद." आयजीएल पडला तर पुढे कोण, आणि तोही पडला तर कोण, हे लँडिंगच्या आधी ठरलेलं असावं. हा क्रम ठरवायला पाच मिनिटं लागतात आणि तरी बहुतेक हौशी संघ तो ठरवत नाहीत. आयजीएल पहिला पडला की उरलेले तिघं तीन वाटांनी जातात ते त्यामुळेच.

निर्णयाला मुदतही हवी. नवं वर्तुळ नकाशावर दिसलं की दहा सेकंदांत आयजीएलने दिशा सांगायची. त्याआधी तिघांनी, विचारल्यास, एकेका वाक्यात माहिती द्यायची: "पुलावर गोळीबार ऐकला", "माझ्याकडे गाडी आहे", "बँडेज संपलीत". दहा सेकंदांनंतर सल्ला बंद. अर्धा चुकलेला पण चौघांनी मिळून पाळलेला निर्णय, दोघांनी पाळलेल्या उत्तम निर्णयापेक्षा जास्त गुण आणतो.

गुणांचा हिशेबही आयजीएलच्या डोक्यात पक्का बसवा. अलीकडच्या मोठ्या बीजीएमआय स्पर्धांमध्ये एका मॅचमध्ये साधारण १६ संघ असतात. पहिल्या आठ क्रमांकांना अनुक्रमे १०, ६, ५, ४, ३, २, १, १ असे गुण आणि प्रत्येक फिनिशला, म्हणजे बाद केलेल्या शत्रूला, १ गुण मिळतो. म्हणजे दोन फिनिशच्या मोहापायी चौघांचा जीव धोक्यात घालायचा की नाही, हे मॅच चालू असताना वाद घालून ठरत नाही. सहा संघ उरले असतील आणि आपण चौघं जिवंत असू, तर दुसऱ्या दोन संघांच्या भांडणात घुसायचं नाही, असे दोन-तीन नियम आधीच लिहून ठेवा. मग मॅचमध्ये नुसतं "नियम दोन" म्हटलं की पुरतं.

इथे आपल्याकडची एक अडचण आहे आणि ती नाजूक आहे. गावच्या संघात चुलतभाऊ, आतेभाऊ, वाडीतला मोठा दादा असे एकत्र असतात. वयाने मोठा म्हणून दादा आयजीएल होतो, आणि धाकटा "दादा, मला वाटतं की तिकडे बहुतेक…" असं करत बोलतो. तेवढ्यात गोळी लागलेली असते. घरात मान हवाच, पण मॅचपुरता नियम असा करा की सगळ्यांनी एकमेकांना दोन अक्षरी हाकनावानेच बोलवायचं, दादा-भाऊ काही नाही, आणि धाकट्यानेही आज्ञार्थी बोलायचं: "थांब", "मागे ये", "धूर टाक" (धूर म्हणजे आडोशासाठी फेकायचा धुराचा गोळा). हा नियम मोठ्याच्या तोंडून जाहीर करवून घ्या. तुम्ही सांगितलात तर धाकटा पाळणार नाही. हाकनावं ऐकायला एकमेकांपासून लांबची असावीत. सागर आणि सार्थक एका संघात असतील तर दोघांपैकी एकाचं हाकनाव बदला, कारण गडबडीत फक्त 'सा' ऐकू येतो.

हाकेचा साचा

"अरे इकडे इकडे, मारतोय, बघ ना, लागली मला!" या वाक्यातून कुणालाच काही मिळत नाही. हाकेचा क्रम असा ठेवा: दिशा, खूण, संख्या, स्थिती, आणि मी काय करतोय. "टू-फोर-फाइव्ह, पिवळं घर, वरचा मजला, दोन. एकाला दोन गोळ्या. मी भिंतीमागे." दिशा पहिली, कारण ती ऐकताच बाकीचे आपला कॅमेरा वळवायला लागतात आणि उरलेलं वाक्य वळता वळता ऐकतात. संख्या आधी सांगितली तर ते नुसते थांबून राहतात.

दिशेचे आकडे, म्हणजे पडद्यावरच्या होकायंत्राचे अंश, कसे बोलायचे हे एकदाच ठरवा. मराठीतले बावीस, बत्तीस, बावन्न आणि एकोणसाठ, एकोणसत्तर हे आकडे गोळीबारात सारखेच ऐकू येतात. इंग्रजीत वन-फिफ्टीन आणि वन-फिफ्टी यांचा तसाच गोंधळ होतो. त्यामुळे एकेक अंक सुटा बोलणं सर्वांत सुरक्षित: वन-वन-फाइव्ह, वन-फाइव्ह-झीरो. पाचच्या पटीपेक्षा बारीक आकडा सांगू नका, लढाईत २४३ आणि २४५ मध्ये काही फरक नाही.

आता एक बाब, जी खूप संघांच्या लक्षातच येत नाही. वरच्या होकायंत्रावरचा आकडा तुम्ही उभे आहात तिथून मोजलेला असतो. दोन खेळाडू एकमेकांपासून १०० मीटर अंतरावर असतील आणि शत्रू त्यांच्यातल्या एकाच्या समोर १०० मीटरवर असेल, तर दोघांच्या आकड्यांत ४५ अंशांपर्यंत फरक पडतो. शत्रू ४०० मीटरवर असेल तर तोच फरक १४ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे आकडा लांबच्या शत्रूसाठी ठीक, जवळच्या शत्रूसाठी घातक. "अरे मी तर टू-फोर-फाइव्हलाच बघतोय, कुणी नाही तिथे!" हे भांडण इथून सुरू होतं आणि त्यात दोघंही बरोबर असतात. नियम सोपा ठेवा: दोनशे मीटरच्या आत खूण किंवा मार्कर (गेममध्ये जागेवर टाकायचं निशाण), त्यापलीकडे आकडा. मार्कर टाकणाऱ्याच्या रंगाचा दिसतो, त्यामुळे "हिरव्या मार्करच्या डावीकडचं झाड" ही हाक सर्वांना एकच अर्थ देते. जवळच्या शत्रूसाठी आकडा द्यायचाच झाला तर "माझ्याकडून" हा शब्द जोडायचा.

एरांगेल या गेममधल्या नकाशावर तुम्ही नेहमी उतरता त्या जागेतल्या घरांना, भिंतींना, टेकाडांना स्वतःची नावं द्या आणि नकाशाच्या छापील कागदावर लिहा. दहा-बारा नावं पुरतात. इतर संघांची नावं उसनी घेऊ नका. मुलांना जिभेवर चटकन येईल ते नाव चांगलं, मग ते 'तात्यांचं घर' असो की 'वरची घाटी'. फक्त एका जागेला एकच नाव.

'लो आहे' (ताकद संपत आलीय), 'एका गोळीत जाईल' असं बोलणं पूर्ण बंद करा. लढाईच्या भरात प्रत्येकाला आपण मारलेला शत्रू मरणाच्या दारातच वाटतो. त्यावर विसंबून जोडीदार धावत सुटतो आणि समोर पूर्ण ताकदीचा शत्रू भेटतो. त्याऐवजी जे घडलं ते सांगायचं: "दोन लागल्या", "हेल्मेटला लागली", "बसून हील करतोय". अर्थ काढायचं काम ऐकणाऱ्याचं.

आणि प्रत्येक आज्ञेला उत्तर. "धूर टाक" ला "टाकतो" किंवा "धूर नाही", यापलीकडे काही नाही. उत्तर आलं नाही तर ऐकलं नाही असं समजून एकदाच पुन्हा सांगायचं. विमानाचे वैमानिक नियंत्रण कक्षाची सूचना परत उच्चारून दाखवतात, त्यामागे हेच कारण आहे.

गप्प बसण्याचे नियम

विमानांचंच आणखी एक घेण्यासारखं आहे. अमेरिकेच्या विमान नियामकाने १९८१ मध्ये नियम केला की १० हजार फुटांच्या खाली, म्हणजे उड्डाण-उतरणीच्या नाजूक वेळात, वैमानिकांनी कामाव्यतिरिक्त काहीही बोलायचं नाही. संघासाठी अशा तीन वेळा ठरवा: शेजारच्या घरात पावलं ऐकू येत असताना, शेवटची दोन वर्तुळं चालू असताना, आणि एकच खेळाडू उरलेला असताना.

पूर्ण बाद झालेल्या खेळाडूने तीन गोष्टी सांगायच्या: कुठून मारलं, किती होते, मी त्यांना काय केलं. मग माइक बंद. तो पुढे जे बघतो ते जोडीदाराच्याच पडद्यावर बघतो, म्हणजे त्याच्याकडे नवी माहिती क्वचितच असते. तरी बोलायची ऊर्मी सर्वांत जास्त त्यालाच असते. शेवटी उरलेल्याला एक हक्क द्या: त्याने "शांत" म्हटलं की सगळे गप्प, "बोला" म्हटलं की फक्त आयजीएल बोलेल.

कुणी नॉक झाला, म्हणजे पडला पण अजून बाद झाला नाही, तर त्याला उठवायचं की सोडायचं, यावर सर्वांत जास्त ओरडाआरडा होतो. यासाठी घरचा नियम करून टाका. उदाहरणार्थ, पडलेला आडोशापासून पन्नास मीटरपेक्षा लांब असेल तर दोन धूर हातात असल्याशिवाय कुणी जाणार नाही, आणि जाणाऱ्याशिवाय उरलेले दोघं फक्त कव्हर देतील. आकडा तुमच्या मुलांच्या सवयीने बदला, पण तो मॅचआधी ठरलेला असू दे. पडलेल्याने "या ना रे, या ना" करायचं नाही. त्याने सांगायचं, "मारणारा अजून बघतोय" किंवा "मारणारा वळला." उठवायला जाणाऱ्याला खरी गरज या माहितीची असते.

तालीम

बोलण्याची तालीम मॅचपासून वेगळी घ्या, रोज पंचवीस मिनिटं, खेळ सुरू करण्याआधी.

पहिली तालीम कागदावरची. एक मुलगा गेम सुरू करून एरांगेलवर कुठेतरी उभा राहतो आणि दिसतंय ते तीन वाक्यांत सांगतो. दुसरा, फोन पालथा ठेवून, छापील नकाशावर टिंब काढतो. एरांगेल ८ किलोमीटर लांब-रुंद आहे आणि नकाशावरचा मोठा चौकोन १ किलोमीटरचा. पहिल्या दिवशी टिंब पूर्ण एका चौकोनाने चुकतं. दहाएक दिवसांत ते दोनशे मीटरच्या आत यायला हवं. येत नसेल तर सांगणाऱ्याच्या खुणा संदिग्ध आहेत, 'मोठं झाड' सारख्या.

दुसरी तालीम मुक्या मॅचची. आठवड्यातून एक क्लासिक मॅच चौघांनी माइक बंद ठेवून, फक्त मार्करवर खेळायची. कोण छोट्या नकाशाकडे बघतो आणि कोण फक्त कानावर जगतो, ते तिथे उघडं पडतं. ही मॅच झाल्यावर पुढच्या मॅचमधलं बोलणं आपोआप निम्म्यावर येतं.

तिसरी, आयजीएल बदलून. एका संध्याकाळी चार मॅच, प्रत्येकीत वेगळा आयजीएल. निकालाकडे बघायचं नाही. नकाशा उघडलेला असताना कानात तीन आवाज एकदम आले की काय होतं, हे ज्याने एकदा भोगलंय तो नंतर मोजकं बोलतो. मला ही तालीम बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची वाटते आणि ती महिन्यातून एकदा तरी व्हावी.

चौथी, एकत्र बाहेर पडण्याची. दोघांनी एकाच क्षणी आडोशातून डोकावायचं. "तीन, दोन, एक" मोजून केलं तर विरारचा मुलगा हमखास मागे पडतो, कारण आवाज पोहोचायला वेळ लागतो आणि दोघांचं नेटवर्क सारखं नसतं. त्यामुळे इशारा आवाजाचा न ठेवता डोळ्यांना दिसणाऱ्या घटनेचा ठेवा: "ग्रेनेड फुटला की." फुटण्याचा क्षण दोघांच्या पडद्यावर जवळपास एकाच वेळी येतो.

याच मुलांना पुढे लॅपटॉपवर व्हॅलोरंट या गोळीबाराच्या खेळाचा पाच जणांचा संघ करायचा असेल, तर हेच सगळं लागू होतं, फक्त घड्याळ जास्त कडक. स्पाइक, म्हणजे तिथला बॉम्ब, लावल्यावर ४५ सेकंदांत फुटतो आणि निकामी करायला ७ सेकंद लागतात. साडेतीन सेकंद पूर्ण झाले की निम्मं काम जमा राहतं. म्हणून जागा परत घ्यायला जाताना एकाने फक्त वेळ बोलायची: "वीस उरले", "दहा उरले". सात सेकंद उरायच्या आत कुणी हात लावला नाही आणि निम्मं काम आधी झालेलं नसेल, तर आत जाण्यात अर्थ नाही, बंदुका वाचवा. तिथल्या स्पर्धांमध्ये संघाला ६० सेकंदांचा टाइमआउटही घेता येतो. बीजीएमआयमध्ये तशी सोय नाही, त्यामुळे तिथली शिस्त मॅचआधीच बसलेली लागते.

मॅचनंतरचं बोलणं

हरल्याबरोबर चर्चा नको. पंधरा मिनिटं फोन खाली, पाणी, जेवण, काय असेल ते. मग वीस मिनिटांची बैठक, एकाच मॅचमधले तीनच प्रसंग. बोलायला सुरुवात वयाने सर्वांत लहान असेल त्याने करायची, आयजीएल शेवटी. मोठा आधी बोलला की बाकीचे त्याच्याच म्हणण्याला मान डोलावतात.

"का गेलास तिकडे?" हा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर म्हणून सबबच मिळते. "तेव्हा तुला काय माहीत होतं?" असं विचारा. मग तीन रकान्यांपैकी एकात तो प्रसंग टाका: माहिती, निर्णय, हात. समजा चौघं एरांगेलवरच्या यास्नाया शहराच्या कडेच्या घरांत आहेत, एक जण पुढच्या टेकाडावर गेला आणि पडला. बाकीच्यांना समोरची गाडी ऐकू आली होती पण कुणी सांगितलं नाही, तर दोष माहितीचा. सांगितलं होतं, तरी आयजीएलने पुढे पाठवलं, तर निर्णयाचा. दोन्ही बरोबर होतं आणि समोरासमोर गोळ्या चुकल्या, तर हाताचा, आणि त्यावर बैठकीत एक शब्दही बोलायचा नाही, सरावाच्या मैदानावर जायचं. मुलं प्रत्येक हार तिसऱ्या रकान्यात टाकू बघतात. रेकॉर्डिंग ऐकवलं की बऱ्याचशा पहिल्या रकान्यात सरकतात.

पहिला महिना क्रमांक आणि गुण बघूच नका. उत्तर न मिळालेल्या हाका आणि एकावर एक बोलणी, हे दोनच आकडे दर आठवड्याला त्याच पद्धतीने मोजा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक उलटी अडचण येते: चूक होईल या भीतीने मुलं फारच गप्प होतात आणि कामाच्या हाकाही गिळतात. ते दिसलं की मोजणी आठवडाभर थांबवा आणि फक्त "पहिल्यांदा कोणी बघितलं" याचं कौतुक करा. या टप्प्यावर घाबरून जुन्या पद्धतीकडे परत जाऊ नका.

मॅच चालू असताना तुम्ही स्वतः मात्र एक अक्षर बोलू नका. बहुतेक स्पर्धांत तसंही बोलू दिलं जात नाही, आणि सरावात बोललात तर मुलं आयजीएलऐवजी तुमच्याकडे बघायला लागतात. दोन मॅचच्या मधल्या वेळात एकच गोष्ट सांगा, तीही पुढच्या मॅचची.

इथल्या परिस्थितीचं काय

ब्लूटूथ इयरफोन नकोत. माइक चालू झाला की बरेचसे ब्लूटूथ इयरफोन फोन-कॉलच्या मोडमध्ये जातात, आवाज चपटा होतो आणि पावलं डावीकडून की उजवीकडून ते कळेनासं होतं. वर आवाज उशिरा येतो तो वेगळाच. साधे वायरचे इयरफोन घ्या आणि माइक शर्टला घासणार नाही असा कॉलरला चिमट्याने लावा.

पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली बसून खेळणाऱ्याचा माइक सतत उघडा असेल, तर जूनपासून सगळ्यांच्या कानात फक्त पाऊस पडतो. त्याने बटण दाबून बोलण्याची सवय लावावी किंवा डिस्कॉर्डचं आवाज गाळण्याचं सेटिंग चालू करावं, आणि जमलं तर कौलारू किंवा स्लॅबच्या खोलीत बसावं.

लाइट जाणं आणि नेट जाणं हे आपल्याकडे गृहीत धरूनच डाव आखा. राउटरला छोटा इन्व्हर्टर लावला तरी टॉवरचा बॅकअप संपला की उपयोग नसतो, म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन हॉटस्पॉट तयार ठेवून जवळ असावा. नेट गेलेल्याने, आवाज पोहोचत असेल तर, एकच शब्द म्हणायचा: "नेट." त्याचा खेळाडू मैदानात तसाच उभा राहतो, म्हणून सर्वांत जवळच्याने धूर टाकायचा आणि संघाने एक मिनिट जागा सोडायची नाही. मिनिटानंतर तिघांचा संघ समजून पुढे जायचं. हा प्रसंग सरावात मुद्दाम घडवा: कुणालाही न सांगता एकाला डेटा बंद करायला लावा आणि बाकीचे काय करतात ते ऐका.

वेळापत्रक विरारच्या मुलाच्या लोकलप्रमाणे ठरवा, गावातल्यांच्या सोयीने नको. तो घरी पोहोचून जेवेपर्यंत साडेनऊ होतात, तर साडेनऊ ते साडेअकरा, आठवड्याचे चार दिवस, इतकं पुरतं. अठरा वर्षांखालच्यांना बीजीएमआयमध्ये दिवसाला तीन तासांचीच मर्यादा आहे, त्यामुळे तशी मुलं संघात असतील तर दुपारी उगाच खेळून ते तास संपवू देऊ नका. गणपतीत आणि शिमग्यात सराव होणार नाही हे आधीच मान्य करा. पण त्याच दिवसांत विरारचा मुलगा गावी आलेला असतो आणि चौघं एका खोलीत बसू शकतात. नकाशावरची नावं ठरवणं, कागदावरची तालीम आणि वर्षाचे नियम पुन्हा लिहून काढणं ही कामं तेव्हाच उरका.

आणि बदली खेळाडू आत्ताच शोधून ठेवा. बारावी किंवा डिप्लोमा झाला की यांच्यातला एखादा पुण्या-मुंबईला जाणारच. नव्या मुलासाठी एकच पान तयार असावं: हाकनावं, निर्णयाचा क्रम, नकाशावरची दहा-बारा नावं, घरचे नियम. पहिल्या आठवड्यात त्याने खेळायचं नाही, तुमच्या शेजारी बसून ऐकायचं आणि रेघा मारायच्या.